गाडीतून जळका वास येतोय. क्लच की आणखी काही?

कन्नमवारनगरी (शनिवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताने बदलायचे गिअर, ७१ हजार किलोमीटर झालेत. घर विक्रोळी पूर्वेला, ऑफिस अंधेरीत सीप्झजवळ. म्हणजे रोज जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), आणि मेट्रो ६ च्या कामामुळे तिथे काय हाल असतात ते त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

साधारण तीन आठवड्यांपासून गाडीत जळका वास येतो. रोज येत नाही. सकाळी निघताना अजिबात नसतो, गांधीनगरचा सिग्नल ओलांडून आयआयटीपुढच्या कोंडीत अडकलो की सुरू होतो. ऑफिसला पोचून गाडी लावली, उतरलो, की बाहेर जास्त जाणवतो. डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही, तापमान ठीक आहे.

गेल्या शनिवारी सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट बदला, मजुरीसकट १४,५०० रुपये. वर विचारलं, घरात हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून ठेवून) गाडी कोण चालवतं?

खरा प्रश्न पुढेच आहे. माझ्याशिवाय गाडी चालवतात ते माझे बाबा. वय ६९. बेस्टमध्ये ३१ वर्षं ड्रायव्हर होते, घाटकोपर डेपोतून निवृत्त झाले. सर्व्हिस सेंटरमध्ये ते माझ्या शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावली आणि तेव्हापासून आठ दिवस गाडीला हात लावलेला नाही. नातीला शनिवारी सकाळी पोहायला तेच नेतात, आज रिक्षाने घेऊन गेले.

पहिल्या दिवशी वास आला तेव्हा ते म्हणाले होते, 'हा क्लचचा नाही, तेलाचा वास आहे.' मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

सेट बदलून टाकू का? की आधी आणखी काही तपासता येईल?

सह्यवेडा (शनिवार, रात्री १०.३१)

७१ हजार, मुंबईचं ट्रॅफिक. क्लचच आहे. माझा ६५ हजाराला गेला. बदलून मोकळे व्हा, नाहीतर एखाद्या दिवशी खंडाळ्याच्या चढावर उभे राहाल.

मेधा_पार्ले (शनिवार, रात्री १०.५०)

थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. जळका वास म्हणजे नक्की कसला? मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे 'जळका' या एका शब्दावर माझं समाधान होत नाही. कागद जळल्यासारखा, रबर जळल्यासारखा, प्लास्टिकचा, कढईत तेल करपल्यासारखा, की गुळाच्या पाकासारखा गोड? प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

दुसरं, एक साधा प्रयोग. वास येत असताना एसीचं बटण बाहेरच्या हवेवरून आतल्या हवेवर करा, म्हणजे तेच, गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं. दोन-तीन मिनिटांत वास विरला तर तो बाहेरून, बहुधा बॉनेटखालून येतोय. तसाच राहिला किंवा वाढला तर केबिनच्या आत काहीतरी आहे: ब्लोअर, वायरिंग, चार्जर.

आणि एका कागदावर वेळ लिहा. केव्हा आला, एसी चालू होता का, चढ होता का, ब्रेक जास्त लागले होते का. चार दिवसांची नोंद पुरे.

निळू_माहीम (शनिवार, रात्री ११.०४)

मेधाताईंच्या यादीत एक भर घाला, सुक्या बोंबलाचा. आमच्या सोसायटीतल्या काकांनी महिनाभर गाडीचं वायरिंग तपासलं, पिशवी निघाली स्टेपनीखाली.

घोडबंदरकर (शनिवार, रात्री ११.२०)

चाकं तपासली का? माझा अनुभव सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर असाच वास, मलाही क्लच सांगितला होता. निघालं डाव्या पुढच्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. पाण्यात गाडी फिरून फिरून कॅलिपरच्या पिना गंजल्या होत्या, पॅड डिस्कला चिकटूनच राहायचं. गायमुखचा घाट उतरून आलो की त्या बाजूला उभं राहवत नसे.

ओळखायचं कसं? वीस मिनिटं चालवून गाडी लावा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. रिमला टेकवू नका, नुसती जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर तिथे ब्रेक अडकतोय. मागच्या चाकांपैकी एखादं तापत असेल तर हँडब्रेकची केबलही बघा, गंजली की लिव्हर खाली येतो पण ब्रेक सुटत नाही.

चेंबूरची_चारचाकी (रविवार, सकाळी ७.१५)

चाकावर पाण्याचे थेंब टाकले तरी कळतं, चर्र आवाज येतो.

घोडबंदरकर (रविवार, सकाळी ७.४०)

रिमवर दोन थेंब ठीक आहेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

दहाअकराचा_पाना (रविवार, सकाळी ८.२५)

मी कुर्ल्यात गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी इथे वाचायला येतो, लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

दादा, क्लच गेला की नाही हे कळायला १४,५०० लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. मोकळ्या सपाट जागेवर गाडी उभी करा, पुढे-मागे कोणी नको. हँडब्रेक घट्ट ओढा. उजवा पाय ब्रेकवर. क्लच दाबून चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन धाडकन बंद पडणार. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालू राहिलं तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा नाही.

चालत्या गाडीतही कळतं. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा उडाला पण गाडी पुढे ओढत नाही, तर क्लच. दोन्ही बरोबर चढले तर क्लच नाही.

क्लचचा वास डोक्यात जातो, तिखट असतो, जळक्या कागदासारखा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरली की लगेच येतो आणि पाच-दहा मिनिटांत जातो. तुम्ही सांगताय तो गाडी लावल्यावर वाढतो. गाडी उभी राहिल्यावर क्लच काहीच करत नाही, मग वास वाढेल कशाला?

तुमच्या बाबांनी काय म्हटलं ते परत वाचा.

अनघा_डोंबिवली (रविवार, सकाळी ९.०२)

उंदीर! कोणी अजून उंदरांचं नाव कसं काढलं नाही? आमच्या गाडीत जुलैमध्ये बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे अख्खं घरटं. सुकी पानं, चिंध्या, शेवचिवड्याची पिशवी, वडापावचा कागद. त्यातली पिशवी इंजिनाच्या गरम भागावर सरकून चिकटली होती, तिचा वास यायचा. एक वायर कुरतडून तांबं उघडं पडलं होतं ते वेगळंच. पंधरा दिवस गाडी उभी होती, तेवढ्यात हा संसार.

लालबागचा_तन्मय (रविवार, सकाळी ९.३०)

अनघाताई, उपाय काय केलात? आमच्याकडे तंबाखूची पानं ठेवतात, कोणी डांबराच्या गोळ्या ठेवतं.

अनघा_डोंबिवली (रविवार, सकाळी ९.४४)

सगळं करून झालं. गोळ्यांच्या वासानं माझंच डोकं दुखलं, उंदीर तिथेच. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. खालून बारीक जाळी बसवून घेतली आणि गाडी कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावायला लागलो. आणि दर दोन दिवसांनी गाडी हलवतेच. कार्यालयांत डबा नेणाऱ्यांनी गाडीत खरकटं ठेवू नये.

दहाअकराचा_पाना (रविवार, सकाळी १०.१०)

ताईंचं खरं आहे. पावसाळ्यात माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन गाड्या कुरतडलेल्या वायरींच्या येतात. एवढंच सांगतो, कुरतडलेली वायर काळी टेप गुंडाळून सोडू नका. ओल शिरते, आत हिरवं चढतं आणि तीच जागा पुढे तापते. नीट सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायला सांगा.

ऋतुगंध (रविवार, सकाळी १०.३५)

माझं मत थोडं कडक वाटेल. वय वाढलं की पाय जड होतो, क्लचवर ठेवून चालवायची सवय लागते, माणसाला स्वतःला कळत नाही. माझ्या सासऱ्यांचं तेच झालं. गाडी दुरुस्त करा, पण बाबांना आता ट्रॅफिकमध्ये गाडी देऊ नका. किंवा ऑटोमॅटिक घ्या.

मेधा_पार्ले (रविवार, सकाळी १०.५२)

ऋतुगंध, वयाचा मुद्दा असू शकतो. पण इथे पुरावा कुठे आहे? गाडी आठ दिवस बाबांनी चालवलेलीच नाही. कन्नमवारनगरी, या आठ दिवसांत वास आला का?

कन्नमवारनगरी (रविवार, दुपारी १२.४०)

मेधाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. हो. आला. पाचही दिवस आला. गाडी फक्त मी चालवत होतो आणि माझ्या हे डोक्यातच आलं नाही.

खरं सांगतो, ऋतुगंध यांनी जे लिहिलंय तेच मीही मनात धरून होतो. बोललो नाही, पण बाबांना ते कळलं असणार.

आत्ता खाली जाऊन दोन्ही गोष्टी केल्या. चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला, इंजिन एका झटक्यात बंद. मग ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, आरपीएम आणि वेग बरोबरीनं चढले. क्लच ठणठणीत आहे.

परत आल्यावर चारही चाकं बघितली, सारखीच कोमट. बॉनेटखाली उंदराचं काही दिसत नाही. वास मात्र आला, आणि आतली हवा चालू केल्यावर दोन मिनिटांत गेला. म्हणजे बॉनेटखालचाच. वास कसला, तर मुलीला विचारलं. ती म्हणाली, आजी पुऱ्या तळून झाल्यावर कढईचा येतो तसा.

निळू_माहीम (रविवार, दुपारी १२.५५)

मुलीला सर्व्हिस सेंटरला नोकरीला लावा. आजोबा आणि नात, दोघांचं निदान एक आलंय.

कानघसा (रविवार, दुपारी १.३०)

कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी लिहितो. एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाक तो नोंदवणं कमी करतं. म्हणून गाडी चालवणाऱ्याला वास 'गेला' असं वाटतं, प्रत्यक्षात तो असतो. उतरून पाच मिनिटं मोकळ्या हवेत थांबा, मग पुन्हा दार उघडून वास घ्या. नुकत्या गाडीत बसलेल्या माणसाचं म्हणणं जास्त भरवशाचं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जळक्या वासाबरोबर गाडीत डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं असं होत असेल आणि बाहेर आल्यावर बरं वाटत असेल, तर सायलेन्सरचा धूर आत येत असू शकतो. अशा गाडीत काच बंद करून मुलांना बसवू नका.

कन्नमवारनगरी (रविवार, दुपारी १.४५)

डॉक्टर, असं काही होत नाही. पण बरं झालं सांगितलंत.

दहाअकराचा_पाना (रविवार, दुपारी २.२०)

आता माझी खात्री होत आलीय. डिपस्टिक (इंजिनातलं तेल मोजायची पट्टी) बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. तेल कुठल्या खुणेवर आहे सांगा.

मग इंजिन पूर्ण थंड झालं की टॅपेट कव्हर बघा. इंजिनाच्या माथ्यावर जे झाकण असतं, ज्यात आपण तेल ओततो ते. त्याच्या खाली चारी बाजूंनी रबराचं पॅकिंग असतं. सात-आठ वर्षांत उष्णतेनं ते कडक होतं, बांगडीसारखं. मग कडेनं तेल पाझरतं. पुढची बाजू डोळ्यांना दिसते, मागची दिसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून गरम धूर बाहेर नेणारा नळ, मागच्या बाजूलाच असतो. थेंब पडतो थेट त्याच्यावर.

गाडी पळत असते तेव्हा वारा तो धूर खालून मागे घेऊन जातो, आत बसलेल्याला पत्ता नसतो. कोंडीत थांबलात की वारा नाही, मॅनिफोल्ड चांगलाच तापलेला, धूर सरळ वर चढतो. आणि एसीची बाहेरची हवा कुठून आत येते? पुढच्या काचेच्या बुडाशी जी जाळी असते तिथून. बॉनेटच्या मागच्या फटीतून निघालेला धूर तिथेच जातो. म्हणून गांधीनगरपर्यंत वास नाही आणि आयआयटीपुढे आहे.

मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च चालू करून हात इंजिनाच्या मागे घाला आणि व्हिडिओ काढा. फक्त गार इंजिनात.

कोकणस्वारी (रविवार, दुपारी ३.१०)

विषय थोडा बाजूला जातोय, पण गोड वासाबद्दल कोणी लिहिलं नाही. गणपतीला गावी जाताना कशेडीच्या जुन्या घाटात गाडीत पाकासारखा गोडसर वास आला, बायको म्हणाली कोणीतरी चिक्की फोडली का. काचेवर आतून चिकट वाफ. तो कूलंट होता, हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून आत गळत होता. असं झालं तर तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबावंच लागतं. आणि सांडलेला कूलंट धुऊन टाका. गोड लागतो म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि तो त्यांना जीवघेणा असतो.

सह्यवेडा (रविवार, दुपारी ३.२५)

कोकणस्वारी, चिंगळीची भजी खाऊन निघाला असाल तर कूलंटचा वास कळला हेच विशेष. असो. कन्नमवारनगरी, मी पहिल्याच प्रतिसादात क्लच म्हणून मोकळा झालो, ते मागे घेतो.

चेंबूरची_चारचाकी (रविवार, दुपारी ४.००)

प्लास्टिक जळल्याच्या वासाबद्दलही लिहायला हवं, कारण तो सगळ्यांत वाईट. माझ्या भावानं बाहेरून हेडलाइटला १०० वॅटचे बल्ब टाकून घेतले होते. कंपनीचे ६०/५५ वॅटचे असतात. बारा व्होल्टला ६० वॅट म्हणजे पाच अँपिअर, १०० वॅट म्हणजे आठच्या वर. वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी केलेलेच नसतात. सायनच्या पुलावर एक लाइट गेला, घरी येऊन बघितलं तर होल्डर मेणासारखा वितळलेला. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात कोणीतरी त्याला मोठा फ्यूज टाकून दिला होता. १० चा लाल उडतोय म्हणून तिथे २० चा पिवळा टाकायचा नसतो. फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून.

दहाअकराचा_पाना (रविवार, दुपारी ४.२०)

हे सगळ्यांनी मनावर घ्या. तेलाचा वास आला तर दोन दिवस थांबून दाखवलं तरी चालतं, त्यातही तेलाची पातळी रोज बघायची. प्लास्टिकचा किंवा वायरचा वास आला, कच्च्या पेट्रोलचा आला, तर पुढच्या सिग्नलपर्यंतसुद्धा जायचं नाही. गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे खाली.

लालबागचा_तन्मय (रविवार, दुपारी ४.४१)

सीएनजीवाल्यांनी काय करायचं? आमची सीएनजी आहे. नुसता गॅसचा वास आला तर?

दहाअकराचा_पाना (रविवार, दुपारी ५.०५)

गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात. तो वास आला की काचा खाली, इंजिन बंद, सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, आणि लाइटर-सिगारेट लांब. सीएनजी हवेपेक्षा हलका, मोकळ्यावर वर उडून जातो, पण बंद डिकीत आणि तळघराच्या पार्किंगमध्ये साठतो. तिथे गाडी चालू करून बघायची नाही. ढकलत बाहेर काढायची.

मेधा_पार्ले (रविवार, सायंकाळी ५.३०)

बॉनेटमधून धूर दिसला तर लोक पहिलं काम करतात ते बॉनेट सताड उघडण्याचं. ते करू नका. आत धुमसत असेल तर एकदम हवा मिळते आणि भडका होतो. माणसं फूटपाथच्या बाजूनं उतरवा, लांब न्या, १०१ ला फोन करा. आणि मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मुलांना आतून दार उघडता येत नाही, हे त्या घाईत आठवत नाही. आमच्या घरात मी सगळ्यांना एकदा करून दाखवलंय, मागचं दार बाहेरून कोण उघडणार ते ठरलेलं आहे.

घोडबंदरकर (रविवार, सायंकाळी ५.५०)

हे आमच्याकडे ठरलेलं नव्हतं. आज रात्री ठरवतो.

कन्नमवारनगरी (रविवार, रात्री ९.१५)

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर बाबांना म्हटलं, खाली येता का, मला एकट्याला कळत नाहीये. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग चष्मा घेऊन उठले.

डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेला टेकलेलं. मागची सर्व्हिस साडेचार हजार किलोमीटरपूर्वीची. बाबांनी टॉर्च धरला, मी मोबाइल मागे घालून व्हिडिओ काढला. पानावाल्या दादांनी लिहिलंय तंतोतंत तेच. पुढून कव्हर कोरडं, मागच्या डाव्या कोपऱ्यात ओला काळा ओघळ, खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर भाजल्यासारखा तपकिरी डाग.

बाबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाले, 'चढाला गाडीचं नाक वर होतं, तेल मागच्या कोपऱ्यात जमतं. म्हणून पवईचा चढ लागला की वास.' त्यांच्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी डाव्या हाताला असायचं, वरच्या झाकणातून कुठला वास आला की काय बिघडलं ते कळायचं, आणि डेपोत गाडी लावताना ते लिहून द्यायचे. हे सगळं मी आज पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या बसमध्ये लहानपणी कितीदा बसलोय.

त्यांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, 'पॅकिंग कंपनीचंच घे.'

ऋतुगंध (रविवार, रात्री ९.४०)

मी घाईत लिहिलं. तुमच्या वडिलांना माझ्याकडून क्षमा सांगा. सासऱ्यांचा क्लच खरंच गेला होता का, हेही आता घरी विचारणार आहे.

दहाअकराचा_पाना (रविवार, रात्री १०.००)

काकांना नमस्कार सांगा. चढाचं त्यांनी सांगितलं ते माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं.

काम करून घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. नवं पॅकिंग बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसलेले पाहिजेत, जुन्या सिलंटचा कण राहिला तरी तिथून परत गळतं. बोल्ट आळीपाळीनं, मधून बाहेर असे, ठरलेल्या टॉर्कला आवळायचे. ताकद लावून आवळले की पॅकिंग चेपतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघायला सांगा. इंजिनाच्या पोटातली वाफ तिथून बाहेर खेचली जाते. तो चोंदला की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. नुसतं पॅकिंग बदलून लोक परत येतात ते यामुळे. स्पार्क प्लग काढून त्यांच्या विहिरींत, म्हणजे ते बसतात त्या खोलगट जागांत, तेल उतरलंय का तेही बघून घ्या.

तोवर वरच्या खुणेपर्यंत त्याच ग्रेडचं तेल भरा. खुणेच्या वर नको.

लालबागचा_तन्मय (सोमवार, सकाळी ११.२०)

वाचनखूण साठवली. दादा, कुर्ल्यात गॅरेज कुठे?

दहाअकराचा_पाना (सोमवार, दुपारी १.१०)

इथे जाहिरात नको. व्यक्तिगत निरोप पाठवा.

कन्नमवारनगरी (गुरुवार, रात्री ८.५०)

मंगळवारी आमच्याच भागातल्या एका मेकॅनिककडे काम झालं. बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले होते. पॅकिंग ५२० रुपये, पीसीव्ही व्हॉल्व्ह २९०, मजुरी ६००. व्हॉल्व्ह काढून हलवला तर खुळखुळ वाजायला हवा, तो वाजलाच नाही, आत चिकटून बसला होता. जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवलं तर काडीसारखं मोडलं.

पण आज तिसरा दिवस, आणि वास अजून येतोय. आधीपेक्षा कमी आहे, पण आहे. काल रात्री झोप लागली नाही. पुन्हा काही चुकलं का?

दहाअकराचा_पाना (गुरुवार, रात्री ९.०५)

काही चुकलेलं नाही. मॅनिफोल्डच्या पत्र्याखाली जे जुनं तेल साठलंय ते जळतंय. काम झाल्यावर कव्हरची कड कोरडी आहे ना? मग चार-पाच दिवस जाऊ द्या. घाई असेल तर पूर्ण गार इंजिनावर डीग्रीझर आणि फडकं. गरम असताना फवारा मारायचा नाही, तोच पेट घेतो.

कन्नमवारनगरी (गुरुवार, रात्री ९.२०)

बाबाही हेच म्हणाले. या वेळी ऐकलं होतं, तरी विचारलं. कड कोरडी आहे, आत्ताच बोट फिरवून आलो.

मेधा_पार्ले (गुरुवार, रात्री ९.३२)

नोंद चालू ठेवा. रोज कमी होत असेल तर काळजी नाही.

कन्नमवारनगरी (पुढचा रविवार, दुपारी १२.०५)

शुक्रवारी अगदी पुसट होता, काल नव्हता.

काल सकाळी बाबांनी किल्ली खुंटीवरून काढली आणि नातीला पोहायला घेऊन गेले. मी मागच्या सीटवर बसलो होतो. एलबीएस रस्त्यावर भांडुपला नेहमीसारखं खोदकाम, वीस मिनिटं गाडी मुंगीच्या पावलानं. बाबांचा डावा पाय बघत होतो. थांबलो की गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून उचलून बाजूला. प्रत्येक वेळी. वीस मिनिटांत एकदाही चुकले नाहीत.

तिथे पोचल्यावर मुलगी उतरली, बॉनेटजवळ जाऊन नाक लावून आली आणि म्हणाली, 'आबा, पुऱ्या नाहीत.'

घरी आल्यावर बाबांनी गेल्या वर्षीची एक डायरी काढली. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, आणि खाली: तेल वरच्या खुणेला, कव्हर कोरडं, वास नाही. आज सकाळी पुन्हा जाऊन बघून आले आणि दुसरी ओळ लिहिली.

निळू_माहीम (पुढचा रविवार, दुपारी १२.३०)

आबांना साष्टांग नमस्कार. माझ्या गाडीची डिपस्टिक कुठे असते ते शोधायला खाली चाललोय.